हौसाची शाळा सुटली काय

सांबरा,
१ जानेवारी २०२५

आक्का,

पत्राची सुरुवात कशी करायची हे मी चौथीच्या पोरांना दरवर्षी शिकवतो आणि आज माझंच घोडं अडलंय. ‘साष्टांग नमस्कार’ लिहिलं तर तू म्हणशील, तीन वर्षांनी आलाय साष्टांग घालायला. ‘तुम्ही सर्व कुशल असाल’ लिहिलं तर म्हणशील, कुशल आहे का नाही हे कधी विचारलंस? म्हणून नुसतं आक्का. फोन तू उचलत नाहीस. दाजींना केला तर ते ‘सांगतो’ म्हणतात आणि पीकपाणी विचारून ठेवून देतात. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

तर बातमी अशी की मला मुलगी झाली. २९ डिसेंबरला सकाळी, बेळगावच्या दवाखान्यात. रचना बरी आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली आमच्या, आणि त्यातली किती डॉक्टरांच्या बाकड्यावर गेली ते तुला ठाऊक आहे. पहिल्या वेळी तर तूच तिच्याबरोबर गेलेलीस. बाळीचं नाक कुणाचं यावर घरात रोज वाद. कपाळ मात्र तुझं आहे. रुंद, आणि मध्ये उगीचच आठी. हे मी तुला लोणी लावायला लिहीत नाही, खरंच आहे.

आता मुद्दा. बारसं. आत्याशिवाय बारसं होत नाही हे तुला सांगायला नको. तिनं बाळीच्या कानात नाव सांगायचं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, मग तिनं वर तोंड करून ते नाव सगळ्यांना ऐकवायचं. माझ्या बाळीला आत्या एकच, आणि ती निपाणीत रुसून बसली आहे. (‘रुसून’ खोडणार होतो. पण खाडाखोडीला मी पोरांचे मार्क कापतो, म्हणून राहू दे.)

आणि नावाचा तर नुसता गोंधळ चाललाय. रचनाच्या भावानं, विक्रमनं, पुण्याहून मोबाइलवर यादी पाठवली आहे. प्रत्येक नावापुढं अर्थ, उगम आणि लोकप्रियता असे रकाने. आरोही म्हणजे चढत जाणारे सूर, लोकप्रियता पाचपैकी पाच चांदण्या. रचनाला तेच आवडलंय. मी म्हटलं, अगं माझ्या शाळेत मुली सगळ्या मिळून नऊ, त्यांत तीन आरोही. थोरली आरोही, बारकी आरोही आणि चष्मेवाली आरोही अशी हजेरी घेतो मी. ती म्हणाली, मग आपली चौथी.

मी म्हटलं, आईचं ठेवू. जया. लहान आहे, सुटसुटीत आहे. तर ती म्हणाली, सासूचं नाव मी कसं घेणार, आणि पोरीला रागवायचं झालं तर? मी म्हटलं, एवढी शिकलीस आणि हे काय. त्यावर म्हणाली, ‘शिकण्याचा काय संबंध न्हाय. जीभच उचलत न्हाय.’

यावरून आईची आठवण झाली. आजी गेली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस, तरी आईनं जन्मभर त्या सासूचं नाव तोंडातून काढलं नाही. आपल्या गल्लीत हौसाबाई नावाची दुसरी म्हातारी होती, तिलासुद्धा आई ‘आमच्या आत्तींच्या नावाच्या’ म्हणायची. आणि शेवटच्या तीन आठवड्यांत बघ, तेच नाव धरून बसली. ‘हौसा आली काय? हौसाला बोलवा.’ एकदा मला म्हणाली, ‘हौसाची शाळा सुटली काय बघ रं.’ आजी आणि शाळा! मी आणि रचना तोंडाला पदर-रुमाल लावून हसलो होतो. त्या दिवसांत हसू कशाचंही यायचं.

हे मी कशाला लिहितोय? तो विषय काढायचाच नाही असं ठरवून बसलो होतो. तू वेळेवर आली नाहीस हे खरं, आणि मी फोनवर काहीतरी बोललो हेही खरं. दोन्ही सोडून दे. ९ तारखेला बारावा दिवस आहे. ये.

तुझा,
साईनाथ


सांबरा,
१८ जानेवारी २०२५

आक्का,

नऊ तारीख आली आणि गेली. बाळीला सर्दी झाली म्हणून बारसं पुढं ढकललं असं मी गल्लीत सांगितलं. शेजारच्या अंजनीकाकू लगेच ओवा घेऊन आल्या आणि बाळीच्या छातीला हात लावून म्हणाल्या, हिला कुठं सर्दी आहे? मग मला बेळगावच्या डॉक्टरचं नाव पुढं करावं लागलं. एका खोट्याला दुसरं लावत बसलोय.

आता सव्वा महिना झाल्यावर करायचं ठरवलंय, १६ फेब्रुवारी, रविवार. तोवर ती नुसती बाळी. दवाखान्याच्या कागदावरही ‘रचना यांची मुलगी’ एवढंच आहे. विमानतळ शेजारीच, वरून विमान गेलं की दचकते आणि दोन्ही हात वर करते. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा दिवसाला एखादं यायचं, आता बोलताना सारखं मध्येच थांबावं लागतं. त्याची सवय झाली आम्हाला, हिला अजून नाही.

मी शाळेत एक उद्योग केला. कपाटातलं दाखल्याचं सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं आणि मुलींची नावं बघत बसलो. पहिली पानं १९५५-५६ ची. शेवंता, तानू, हौसा, गंगू, पुन्हा हौसा. एका वर्षी दाखल झालेल्या सात मुलींत तीन हौसा! आपल्याकडं हजेरी तेव्हाही अशीच घेत असतील, थोरली हौसा, बारकी हौसा. तिला काही कुणी चांदण्या दिलेल्या नव्हत्या. सत्तर सालानंतर हौसा विरळ होत जाते. शेवटची १९७४ ची, पुढं ‘गैरहजर, नाव कमी’ असा शेरा आहे. त्यानंतर मंगल, सुनीता आणि सुवर्णा. सुवर्णाही मोजल्या, तुझ्या वेळच्या दहा वर्षांत चौदा आहेत. तू एकटी आहेस असं मला लहानपणी वाटायचं.

मोबाइलच्या त्या यादीत मी हौसा घालून बघितलं. ‘असं नाव सापडलं नाही’ म्हणून आलं. अर्थ नाही, उगम नाही, काही नाही. मग माझा मीच अर्थ लावला. हौसेनं मागून घेतलेली ती हौसा, दुसरं काय असणार. त्या काळात मुलगी झाली की तोंडं पडायची असं आपण पुस्तकात शिकवतो आणि रजिस्टरात पानोपानी हौसा! हे कसं काय, ते मला उलगडलं नाही.

तुला आठवतं का, आई तुझी वेणी घालत बसली की तू विचारायचीस, माझं पाळण्यातलं नाव काय? माझं रवळू, ते सगळ्या गल्लीला माहीत आणि तू मला त्यावरून सतवायचीस. तुझं विचारलं की आई वेणी जरा जास्तच ओढायची आणि म्हणायची, ‘सुवर्णाच. गप बस सरळ.’ परवा रचनाला हे सांगत होतो. ती म्हणाली, तुमच्या नंदगडच्या आत्तींना विचारा की, आत्यानंच तर सांगितलं असणार कानात.

मालुबाई आत्तीकडं जायचंच आहे मला. तू आली नाहीस तर तिला पाळण्याजवळ बसवावी असं रचनाचं म्हणणं. आप्पांची बहीण, म्हणजे तीही आत्याच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आता. नंदगडहून गाडीत बसवून आणायची. मला ते पटत नाही. पण मला काय पटतं ते तरी मला कुठं नीट कळतंय?

एक ओळ पाठव. येत नाही म्हणून पाठवलीस तरी चालेल.

साईनाथ


सांबरा,
२६ जानेवारी २०२५, संध्याकाळ

आक्का,

झेंडावंदन उरकून आज नंदगडला जाऊन आलो. आज रायण्णांच्या फाशीचा दिवस, त्यांच्या समाधीला माणसं लोटतात हे माझ्या ध्यानातच नव्हतं. खानापूरपासून उभ्यानं गेलो.

आत्तीची तब्येत बरी आहे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, लांबूनच मला ओळखलं. तुझी चौकशी केली. मी सांगितलं, बरी आहे.

तिनं एक गोष्ट सांगितली. ती तुला लिहावी की नाही हे मला ठरवता येईना. बसमध्ये दोन वेळा ठरवलं की लिहायची, आणि दोन्ही वेळा स्टॉप येण्याआधी मन फिरलं. लिहिली तर तुला बरं वाटेल. लिहिली तर तुला आयुष्यभर पुरेल एवढा त्रासही होईल. आणि त्या त्रासात माझा हात आहे, तेव्हा ‘आक्काला त्रास नको’ हे मी तुझ्यासाठी म्हणतोय की माझ्यासाठी, तेही कळत नाही.

म्हणून आज एवढंच. आत्तीनं तुझ्यासाठी वाल दिले आहेत, पिशवीभर.

साईनाथ


सांबरा,
३१ जानेवारी २०२५

आक्का,

गेलं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पायरीवरच मला लाज वाटली. असलं अर्धं सांगून ठेवणं म्हणजे काही न सांगण्यापेक्षा वाईट. आता सगळं लिहितो, आणि आधी माझं लिहितो, कारण ते मी पहिल्या पत्रात लपवलंय.

‘तू वेळेवर आली नाहीस’ असं मी लिहिलं. तू आली नाहीस, कारण मी तुला येऊ दिलं नाही.

तो दिवस मला चांगला आठवतो. सकाळी तू फोनवर म्हणाली होतीस, तुला जमत नसलं तर आईला माझ्याकडं आणून ठेव. तू चांगल्या मनानं म्हणालीस. पण मी तीन आठवडे रजा काढून आईचं सगळं करत होतो, झोप नव्हती, आणि मला वाटलं, ही लांबून मार्क देते आहे. दिवसभर ते डोक्यात ठेवलं. संध्याकाळी तू पुन्हा फोन केलास आणि विचारलंस, ‘आई माझं नाव घेती काय रं?’ मी म्हणालो, ‘न्हाय. आजीचं घेती. तुझं एकदाबी न्हाय. येऊन काय करणार हैस?’

तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. तिसऱ्या दिवशी आई गेली.

तू आलीस, आईच्या पायाशी बसलीस, आणि उठताना सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘माझं नाव घेतलं न्हाय तिनं. मग मी कोण हाय हितं?’ पाणीसुद्धा न पिता गेलीस. मी अडवलं नाही. खरं तेच तर सांगितलं मी, असं त्या दिवसापासून स्वतःला समजावत आलोय. तुला दुखवायलाच ते बोललो होतो, पण बोललो ते खरं होतं, एवढा एक आधार मला होता.

तो आधार गेला. आता आत्तीचं ऐक.

मी तिला बारशाला चल म्हणालो. ती म्हणाली, सुवर्णा असताना मी कशाला? मग मी जरा फिरवून सगळं सांगितलं, आई आजीचं नाव घेत होती, त्यावरून तुझा गैरसमज झाला वगैरे. ‘गैरसमज’ हाच शब्द वापरला मी. आत्ती शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, ‘जया हौसाला बोलवा म्हणाली? आन् तुम्ही कुणाला बोलवलं?’

मी म्हटलं, आजीला कुठून बोलवणार?

आत्तीनं शेंगांची पाटी बाजूला सारली आणि जे सांगितलं ते जमेल तसं तिच्याच शब्दांत, तिच्या ‘हुतो-वाकलो’सकट लिहितो.

‘सुवर्णाच्या बारशाला नाव ठेवायला मीच हुतो. माझी आई जाऊन वरीस झालं न्हवतं. माझ्या मनात तिचंच नाव. पण तुझ्या आप्पानं आधीच सांगितलेलं, सुवर्णा ठेवायचं, आईचं नको. आईच्या नावानं पोरीला हाका मारायच्या, शिव्या घालायच्या, ते त्याला नको हुतं. मी व्हय म्हटलं. वाकलो आन् कानात हौसा म्हटलं. तोंड वर केलं आन् सगळ्यास्नी सुवर्णा सांगितलं. कुणाला पत्ता न्हाय. पाळण्याला टेकून जया बसलेली, तिला तेवढं ऐकू गेलं.’

मी विचारलं, आई काही बोलली नाही? आत्ती म्हणाली, त्या दिवशी नाही बोलली. पुढं आत्ती महिनाभर माहेरी राहिली, तेव्हा तिनं पाहिलं. दुपारी आप्पा शेतावर गेले की आई आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची, कडी घालायची, आणि आतून आवाज यायचा. ‘हौसा, गप. हौसा, दूध पी. हौसा, पाय पसरून बस बघू ऐसपैस.’

‘माझ्या आईनं तिला सासरी कधी पाय पसरून बसू दिलं न्हवतं,’ आत्ती म्हणाली. हसली आणि डोळे पुसले तिनं. पहिल्यांदा आईला ती गंमत वाटत असणार, सासूला मांडीवर घेऊन दटावायची. मग गंमत राहिली नाही. तेच तुझं नाव झालं. जे नाव घ्यायला तिची जीभ उचलत नव्हती ते दाराआड तुला दिवसातून पन्नास वेळा घ्यायची. तू बोलायला लागलीस, चालायला लागलीस, तरी दार लावून हौसाच. बाहेर सुवर्णा.

आणि तू शाळेत जायला लागलीस तेव्हा तिनं ते सोडलं. पोरगी बाहेर कुणाला तरी सांगेल आणि सासूचं नाव घेते म्हणून गावभर होईल, अशी भीती तिला वाटली. आत्ती पुढच्या खेपेला आली तेव्हा आई तिला म्हणाली होती, ‘शाळंला गेली ती हौसा, आन् परत आली ती सुवर्णा.’

आक्का, आई म्हणालेलं शाळेचं वाक्य मी आत्तीला सांगितलेलं नव्हतं. आपणहून तिनं शाळा काढली. मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो. आत्ती विचारत होती, चहा टाकू काय, आणि मला फक्त आईचा आवाज ऐकू येत होता. ‘हौसाची शाळा सुटली काय बघ रं.’ ती तीन आठवडे तुझी वाट बघत होती. शाळेच्या वाटेवर डोळे लावून. आणि मी हसलो होतो.

अजूनही अधूनमधून मला शंका येते. आत्तीचं वय झालंय, आई भ्रमात होती, कदाचित थोडी आजी आणि थोडी तू अशी काही सरमिसळ असेल. रचनाला विचारलं. ती बाळीला पाजत होती. म्हणाली, ‘सासूची शाळा सुटायची वाट कोण बघतंय ओ?’ आणि माझ्याकडं न बघता बाळीकडं बघत राहिली.

मी ठरवलंय, बाळीचं नाव हौसा ठेवायचं. चांदण्या नसल्या तर नसू देत. रचना तयार आहे, म्हणजे अजून नाही म्हणालेली नाही. तू येऊन ते नाव तिच्या कानात सांग, या वेळी वर तोंड करूनही तेच सांग. त्यानं माझं बोलणं पुसलं जाणार नाही. पण दुसरं काय करता येतं मला, ते कळत नाही. तुला कळत असलं तर सांग, मी ते करतो.

साईनाथ


निपाणी,
९ फेब्रुवारी २०२५

साईनाथ,

तुझी पहिली तीन पत्रं मी फोडली नव्हती. फ्रीजवर तशीच पडली होती. चौथं जाड लागलं म्हणून फोडलं. विड्यांचं सूप मांडीवर होतं, तसंच वाचलं, म्हणून त्याला तंबाखूचे हात लागलेत. मग बाकीची तिन्ही फोडली. ह्यांनी विचारलं काय झालं, तर पत्र त्यांच्या हातात दिलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मला आठवतं का ते मी चार दिवस बघते आहे. कडी आठवते. लोखंडाची होती, वर सरकवायची, आवाज करायची. आई भिंतीला टेकून पाय लांब सोडून बसलेली आठवते, आणि तिच्या पायांच्या मध्ये मी. खिडकी बंद असायची म्हणून अंधार. एवढं सगळं आठवतं आणि नाव आठवत नाही. विड्या वळताना मनात म्हणून बघते, हौसा, हौसा. माझ्या आवाजात ते आजीचंच वाटतं. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, तू बघितलंस. राग होता. आता रोज रडते, आणि बायका विचारतात तंबाखू लागली काय डोळ्यांत. हो म्हणते.

तीन वर्षं मी तिला मनात बोल लावले. जन्मभर जिनं छळलं त्या सासूला बोलावतेस आणि पोटच्या पोरीला विसरलीस, असं तिच्या फोटोपुढं उभी राहून म्हटलंय. ते आता कुणाकडं जाऊन परत घेऊ?

तुला माफ केलं असं समजू नकोस. अजून नाही. ‘बरं’ म्हटलं तेव्हा माझी पिशवी भरलेली होती, दारात होती. ती मी परत आत नेली. हे तुला ठाऊक असलेलं बरं. बाकीचं बाळीला बघून झाल्यावर बघू.

आता तुझ्या शेवटच्या बोलण्यावर. बाळीचं नाव हौसा ठेवायचं नाही. अजिबात नाही. तू नेहमी असंच करतोस, चूक केलीस की लगेच काहीतरी देऊन मोकळा व्हायला बघतोस. ते नाव द्यायला तुझं नाही. ते माझं आहे. अठ्ठेचाळीस वर्षं माझं असून मला मिळालं नव्हतं. आत्ता कुठं हातात आलं, तर तू ते दुसरीला वाटायला निघालास. तुझ्या रजिस्टरात माझं म्हणून ते लिहिलेलं नसलं तरी चालेल मला. रचनाला आवडलंय ते ठेव. शाळेत तीन आरोही असल्या तर चौथी, त्यात तुझं काय अडतं, हजेरीच घ्यायची ना? नऊ वर्षं तिनं वाट बघितली, नाव तिच्या मनाचं पाहिजे. मात्र कानात काय सांगायचं ते माझं मी बघेन. ते आत्याचं काम आहे, त्यात तू पडू नकोस.

मालुबाई आत्तीला पण आण. मला तिला जवळून बघायचंय. वाल तुझ्याकडंच ठेव, घुगऱ्यांत घालू.

१६ तारखेला मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते. बेळगावला उतरून सांबऱ्याची बस धरते, दहापर्यंत पोचेन. हे मागनं येणार. तू स्टॉपवर ये. घरी थांबून गल्लीतल्या पोरांना पाठवू नकोस, तू स्वतः ये.

आणि लांबनं मी दिसले की आक्का म्हणून हाक मारू नकोस. पुढं जन्मभर आक्काच म्हण, पण त्या दिवशी एकदा, पहिली हाक, त्या नावानं मार. धाकट्यानं थोरल्या बहिणीला नावानं बोलवायचं नसतं हे मला ठाऊक आहे. तुझी जीभ उचलणार नाही हेही ठाऊक आहे. आईची उचलली होती. तू पण उचल. माणसं बघतील तर बघू देत. मी बसमधून उतरून तिथंच उभी राहीन, तू हाक मारल्याशिवाय पुढं पाऊल टाकणार नाही.

तेवढ्यात वरनं विमान जात असलं तर जरा थांब. ते गेल्यावर मार. मला नीट ऐकू आलं पाहिजे.

सुवर्णा